अंड्याची साक्ष

नाकवाली कांदा परतायला टाकून मागच्या गॅलरीत कपडे काढायला गेली आणि परत आली, तर गॅसची ज्योत बारीक झालेली. तिने मध्यम ठेवली होती. हे ती कोर्टात शपथेवर सांगायला तयार होती. ओट्याशी धाकटी, म्हणजे तिची जाऊ, बटाटे सोलत उभी होती आणि चेहरा असा, की या घरात गॅस आहे हेच जणू तिला आज समजतंय.

“ज्योत कुणी बारीक केली?”

“कुठली?”

“घरात चार शेगड्या आहेत का?”

“वाऱ्याने झाली असेल, ताई.”

वाऱ्याने ज्योत विझते, बारीक होत नाही. एवढी अक्कल नाकवालीला होती. पण तिने आणलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. आपण सावध आहोत हे समोरच्याला इतक्यात कळू द्यायचं नव्हतं.

नाकवाली हे नाव तिला वस्तीने दिलं होतं आणि तिने ते मिरवलंही होतं. स्वयंपाक करताना ती कधी चाखून बघत नसे. चमचा तोंडाला लावणारी बाई तिच्या लेखी शिकाऊ. मीठ हाताच्या अंदाजाने आणि बाकी सगळं नाकाने. कांदा कच्चा आहे की गोडीला आला, लसूण लाल व्हायला किती अवकाश आहे, मसूर तळाला धरायच्या बेतात आहे का, हे ती पाठमोरी उभी राहून, कुणाशी तरी भांडता भांडता सांगायची. ती लग्न होऊन आली त्या वर्षीच सासूने शेगडी तिच्या हवाली केली, आणि म्हातारीने मरेपर्यंत पुन्हा कधी झाकण उचलून बघितलं नाही. नवरा आणि दीर, दोघे भाऊ एकाच मालट्रकवर, एक चालवणारा, दुसरा क्लीनर. निम्मं आयुष्य रस्त्यावर. घरात राहायच्या त्या दोघी जावा. आणि या घरात नाकवालीचं होतं तरी काय? कपाट नवऱ्याचं, खोली भाड्याची, कारखान्यातलं स्टूल मालकाचं. तिची म्हणावी अशी एकच जागा होती, शेगडीसमोरची. त्या जागेवर कुणाचा तरी डोळा आहे, हे तिच्या मनाने घेतलं होतं.

पुरावेही काही कमी नव्हते. तेलाची बाटली रात्री अर्धी असायची, सकाळी पाऊण. चोर तेल नेतो, आणून ओतत नाही. म्हणून तर तिला ते जास्त खटकलं. दुधाचं पातेलं ती भरून ठेवायची, तर सकाळी ते घासून पालथं आणि जागेवर दुधाची नवी पिशवी. धाकटीला विचारलं तर म्हणे, मांजराने तोंड घातलं. चौथा मजला, खिडकी बंद. मांजर काय दारावरची बेल वाजवून आलं होतं?

पण सगळ्यांत वाईट होतं ते कौतुक.

सुट्टीच्या दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात खाणाऱ्यांची बैठक भरायची. खालचा न्हावीदादा दुकानातली गर्दी ओसरली की वर यायचा. समोरच्या खोलीतली शिंपीणबाई आपला पाव घेऊन यायची, कारण दुसऱ्याच्या घरच्या पावावर तिचा विश्वास नव्हता. दोघंही जिभेचे पक्के आणि तोंडाचे फटकळ. एखादा रस्सा पुढे आला की आधी त्याची चौकशी व्हायची.

“लसूण चिरून घातलाय,” न्हावीदादा म्हणायचा. “चिरलेला लसूण म्हणजे बिनपाण्याची दाढी. होते, पण मजा नाही.”

“तू दाढीचं बोल. ठेचलेला लसूण सगळीकडे तोंड घालतो, शेजारणीसारखा.”

“स्वतःचं वर्णन कशाला करतेस बाई?”

“खा गुमान. फुकटचं खातोस आणि वर तक्रार.”

असं चालायचं. नाकवाली पाठ करून उभी राहायची, पण एकही शब्द खाली पडू द्यायची नाही. तिला त्या भांडणातच खरी मजा यायची. हल्ली मात्र पहिला घास गेला न गेला, की दोघं एका सुरात म्हणत, “झकास.” विषय संपला. आणि झकास म्हणताना न्हावीदादाची नजर तिच्याकडे नसायची, धाकटीकडे असायची. कौतुक ज्याचं करायचं त्याच्याकडे माणूस बघतो. म्हणजे हिने यांना फितवलं होतं. आज ज्योत बारीक केली, उद्या म्हणेल, ताई, तुम्ही दमता, सरका बाजूला.

नाकवाली बुटांच्या कारखान्यात चिकटवण्याच्या टेबलावर होती. तळव्याला आणि वरच्या कातड्याला ब्रशने सोल्यूशन लावायचं, जरा वाळू द्यायचं, मग दाबून बसवायचं. कातड्यावर खुणा करायची चंदेरी पेन्सिल तिच्या खिशात असायचीच. तिने त्या पेन्सिलीने तेलाच्या बाटलीवर एक बारीक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी तेल रेघेच्या वर. तिला समाधान वाटलं.

मग सुट्टीच्या दुपारी तिने सापळा लावला. कढईत कांदा-लसूण टाकला, “साबण आणते खालून,” असं मोठ्याने म्हणाली, दार आपटलं आणि मागच्या सामाईक गॅलरीतून फिरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. ती तिथे बराच वेळ ताटकळली, तेव्हा कुठे धाकटी बाहेरून स्वयंपाकघरात आली, कढईवर वाकली, तिने मान हलवली, आणि सगळंच्या सगळं एका कागदात ओतून कचऱ्याच्या डब्यात तळाशी दाबलं. कढई घासली. तांदळाच्या डब्यामागून स्वतःची तेलाची बाटली काढली. आणि तिच्या मागोमाग आलेला न्हावीदादा, एवढा मोठा बाप्या, स्टुलावर बसून तिला लसूण सोलून देत होता.

“उरक लवकर,” तो म्हणत होता. “येईल ती.”

ती आलीच.

“चालू द्या,” नाकवाली दारात उभी राहून म्हणाली. “मी काय, आपली शेजारीण आहे. वास आला म्हणून डोकावले.”

धाकटीच्या हातातला कालथा तसाच राहिला. “ताई, करपलं होतं.”

“माझ्या हातून?”

“कोळसा झाला होता. आजचंच नाही. थंडीपासून रोज काहीतरी होतं. तेल खवट असलं तरी तुम्ही ओतता. नासलेलं दूध तापवायला ठेवता.”

“आणि मला वास येत नाही?”

धाकटीने कालथा खाली ठेवला. न्हावीदादा हातातल्या पाकळीकडे असा बघत होता, जणू तिच्यावर बारीक अक्षरात काही सूचना छापल्यात.

“नाही येत, वहिनी,” तो शेवटी म्हणाला.

“तू तुझा वस्तरा सांभाळ. आणि काय गं, एवढं होतं तर तोंडाने का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही? शेगडी बळकावायला बसलीय म्हणून मला जिन्यावरून खाली ढकललं असतं.”

“ते अजूनही होऊ शकतं.”

धाकटीने मग टोपलीतलं एक अंडं उचललं, जवळ नेऊन हुंगलं आणि वाटीत फोडलं. न्हावीदादा उठून खिडकीकडे धावला. धाकटीने रुमाल नाकाला लावला, तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नाकवाली वाटीवर वाकली आणि छाती भरून श्वास घेतला. काही नाही. बलक जरा पसरला होता, इतकंच.

“नाटक कंपनी काढा दोघं,” ती म्हणाली. “चांगलं काम करता.”

तिने वाटी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात रिकामी केली. “उद्या कारखान्यात उघडते हा. तिथली माणसं कुणाच्या रश्श्याला मिंधी नाहीत. ती काय सांगतील ते खरं. आणि अंडं चांगलं निघालं, तर तू तुझी पेटी भर आणि चालू लाग.”

धाकटीने गॅस बंद केला. त्या रात्री दोघी जेवल्या नाहीत.

कारखान्यातला तो हॉल लांबलचक होता, आणि त्याच्या सगळ्या खिडक्या खिळे मारून बंद केलेल्या. ओल्या सोल्यूशनवर धूळ बसली की तळवा सुटतो, म्हणून. छतापाशी हवा बाहेर फेकणारा पंखा होता, तो बंद पडला त्याला जमाना झाला. नवं माणूस आलं की सोल्यूशनच्या उग्र वासाने पहिले काही दिवस डोकं धरून बसायचं. मग जुनी मंडळी सांगायची, सवय होते. नाकवालीने स्वतः कितीतरी जणींना हे सांगितलं होतं, पाठीवर हात फिरवून. आणि होतही होती सवय. म्हणून कुणी पुढे विचारलं नाही.

टेबलाच्या टोकाला मामा बसायचा. तिथला सगळ्यांत जुना. तिने डबा त्याच्यासमोर उघडला.

“मामा, खरं सांग. अंडं कसं आहे?”

मामाने नाक डब्यात घातलं. “ताजं आहे की. कालचं असेल. का, बदलून आणायचंय दुकानातून?”

“पुढे दे.”

डबा टेबलावरून हातोहात फिरला. “चांगलं आहे.” “एकदम मस्त.” “एवढं एकच आणलंस? सगळ्यांना काय पुरणार?” टेबलावरची सगळी जुनी माणसं वाकली, हुंगलं, आणि एकानेही तोंड वाकडं केलं नाही. नाकवालीची छाती वीतभर फुगली. धाकटीला काय काय सुनवायचं ते तिने मनात जुळवायलाही घेतलं. पेटी भर म्हणाले होते ना मी. न्हाव्यालाही घरात पाऊल टाकू द्यायचं नाही.

डबा शेवटच्या स्टुलापर्यंत पोचला. तिथे याच आठवड्यात लागलेली नवी बाई होती. तिने हात पुढे केला, आणि लगेच दुसरा हात तोंडावर दाबून ती मोरीकडे पळाली.

“दिवस गेले असतील बिचारीला,” मामा म्हणाला, आणि सगळे हसले. नाकवालीही हसली, पण तिचं हसणं मध्येच थांबलं. तिच्या डोक्यातला तो संशयी किडा, जो घरात तिला झोपू देत नव्हता, तो इथेही वळवळला.

इतक्यात काचेच्या केबिनचं दार उघडलं. केबिनला बाहेरच्या बाजूला खिडकी होती, टेबलावर पंखा होता. मुकादम बाहेर आला तो चार पावलांवरच नाकाला हात लावून.

“काय मेलंय इथं? कुणाचा डबा सडलाय?”

ब्रश थांबले. सगळ्यांनी त्या डब्याकडे बघितलं. मामाने तो आपल्याकडे ओढला आणि पुन्हा वास घेतला. या वेळी लांब आणि सावकाश, घरात हरवलेली वस्तू माणूस ठेवल्या जागी पुन्हा पुन्हा शोधतो, तसा.

“तुम्हाला वास आला,” नाकवाली म्हणाली.

“मग काय, येणार नाही? तुम्हाला येत नाही?”

“नाही. आम्हाला कुणालाच नाही.”

माणूस नवीन काही ऐकतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. मुकादमाचा चेहरा हलला नाही. नाकवाली नेमकं तेच बघत होती. इतके दिवस तिने ओट्याशी उभ्या असलेल्या बाईवर पहारा ठेवला, बाटलीवर रेघा मारल्या. आणि जिने फक्त ज्योत बारीक केली, तिला पेटी भरायला सांगून आली. तिची शेगडी ज्यांनी खरोखर काढून घेतली, त्यांच्यातला एक इथे नाक धरून उभा होता.

“सोल्यूशनचं तसंच असतं,” तो म्हणाला. “सवय होते.”

“सवय नाही झाली. नाकं गेली. आणि तुम्हाला ठाऊक होतं.”

“मला काय ठाऊक असणार? मी काय डॉक्टर आहे?”

“केबिनला काच कशाला लावलीत मग? आमची तोंडं बघायला?”

मुकादमाने आवाज खाली आणला. “हे बघा बाई, खिडक्या उघडल्या तर माल खराब होतो. मी बोलतो मालकाशी.”

“बोला की. तोवर ब्रश खाली.” तिने आपला ब्रश सोल्यूशनच्या डब्यावर आडवा ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली.

मामा जरा चुळबुळला. “अगं, माझं वय काय, मला दुसरीकडे कोण घेणार…”

“मामा, काल तू काय जेवलास? चव कशी होती?”

मामाने आठवून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याने ब्रश खाली ठेवला, आणि त्याच्यामागून एकेकाने. ऑर्डरचा माल त्या संध्याकाळी बाहेर पडायचा होता. मालकाला दया आली म्हणून नाही, तर गाडी दारात उभी होती म्हणून दुपारीच खिडक्यांचे खिळे निघाले. ते मामानेच काढले, चामडं ताणायच्या पकडीने. नवी बाई खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाकीचे नुसतेच बघत राहिले. हवा अंगाला लागत होती, पण ती कसली हवा आहे हे त्यांना कळत नव्हतं.

संध्याकाळी नाकवाली घरी आली तेव्हा धाकटीची पेटी दाराशी भरून ठेवलेली होती. नाकवालीने ती उचलली आणि आत नेऊन पलंगाखाली सरकवली. माफी मागणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि धाकटीनेही तिला ती मागायला लावली नाही. नाकवालीने हात धुतले, कांदा चिरला, लसूण ठेचला, गॅस पेटवला.

“इथं उभी राहा,” ती म्हणाली. “माझ्या शेजारी.”

धाकटी येऊन उभी राहिली. जागा एकीपुरतीच होती, कोपराला कोपर लागत होतं. तेल तापलं. नाकवालीने कांदा-लसूण टाकला आणि ज्योतीचं बटण धरून उभी राहिली.

“झाला?”

“अजून नाही.”

“आता?”

“सांगते ना, ताई.”

“उशिरा सांगशील. जळल्यावर.”

“जळू द्यायचंच असतं तर मी इतके दिवस गप्प उभी राहिले असते. सगळ्यांनी तुमच्या हातचं करपलेलं खाल्लं असतं, आणि शेगडी आपोआप माझी झाली असती.”

नाकवालीने या बोलण्यात कुठे फट सापडते का ते बघितलं. फट सापडली नाही, आणि त्यानेच तिला जरा अस्वस्थ वाटलं.

“झाला,” धाकटी म्हणाली.

नाकवालीने मान वळवून तिच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग मसूर ओतली.