गिऱ्हाईक गेल्यावर

"घेऊ नका, पण हात लावून बघा," असं म्हणत वहिनी मनगटाला एक झटका द्यायच्या आणि साडी काउंटरभर उलगडायची. दादरच्या त्या साड्यांच्या दुकानात मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारी विक्रीला उभी राहिले. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी त्या सांगायच्या, रेशीम खरं की खोटं.

गेल्या वर्षी त्यांचा डबा भरलेलाच परत जाऊ लागला. "भूक नाय गो," म्हणायच्या. आम्ही समजलो, उपास वाढले असतील. साडीवर जुळणारं ब्लाउज नसेल तर घराबाहेर न पडणारी ही बाई एकच निळी साडी चार-चार दिवस नेसू लागली. आम्ही म्हटलं, वय झालं.

गिऱ्हाईकासमोर मात्र त्या हसायच्या. तुम्ही असतात तर तुम्हीही फसला असतात. गिऱ्हाईकाची पाठ वळली, की चेहऱ्यावर काहीच उरायचं नाही. मी ते रोज बघत होते. विचारलं मात्र कधी नाही.

एका दुपारी त्या पोटमाळ्यावर माल आणायला गेल्या, त्या अर्धा तास खाली आल्याच नाहीत. मी वर गेले. मांडीवर पैठणी घेऊन बसल्या होत्या, पदरावरून पुन्हा पुन्हा बोटं फिरवत.

"काय झालं, वहिनी?"

"मऊ आहे की खरखरीत, काय कळत नाय गो. कशाचंच काय वाटत नाय. नात झाली, तेव्हा पण नाय वाटलं."

मी म्हटलं, "असं काय करताय? सगळं चांगलं चाललंय तुमचं. चार दिवस गावाला जाऊन या, मन रमेल."

"होय," त्या म्हणाल्या. साडीची घडी घातली आणि खाली आल्या.

पुढच्या आठवड्यात त्या यायच्या बंद झाल्या. फोन केला तर लेकीने उचलला. "आई अंथरुणातून उठतच नाही, मावशी. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन. बरेच महिने असणार. तुमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही?"



मालकांनी त्यांच्या जागी दुसरी बाई ठेवली. करी रोडला त्यांच्या घरी जायचा धीर करायला मला दोन महिने लागले. वहिनी गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. मी दुकानातल्या गमती सांगत सुटले. त्या ऐकतायत की नाही, कळेना. शेवटी मी नुसती शेजारी बसून राहिले.

त्या हळूच म्हणाल्या, "आज माझी मीच आंघोळ केली गो."

दारात उभ्या लेकीने ओढणी तोंडाशी धरली.