हळदीच्या हंगामातले थेंब

डॉक्टर मॅडमनी माझ्या बायकोच्या डाव्या डोळ्यात पिवळ्या रंगाचा एक थेंब टाकला, खोलीतला दिवा मालवला आणि यंत्रातून निळा उजेड सोडला. शेजारच्या पडद्यावर तिचा डोळा परातीएवढा दिसू लागला. मधोमध, माणूस जिथून जग पाहतो नेमका तिथे, एक हिरवा डाग पेटला होता. त्याच्या कडा पिसासारख्या विरत गेलेल्या. तो डाग मला अजून स्वप्नात दिसतो, आणि स्वप्नात तो सुंदर असतो.

मॅडम म्हणाल्या, "फंगल कॉर्नियल अल्सर वाटतोय." मग माझ्याकडे वळून त्यांनी सोपं करून सांगितलं. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काच. अल्सर म्हणजे त्या काचेला पडलेली जखम. फंगल म्हणजे त्या जखमेत बुरशी वाढते आहे. शेतातली काडी, कुसळ, भुसा डोळ्यात गेला की हे होतं, आणि उन्हाळ्यात मळणी-वाळवणीच्या दिवसांत असे रोगी जास्त येतात.

मग त्यांनी विचारलं, "इतक्या कमी दिवसांत जखम इतकी खोल गेली? आधी कुठले थेंब टाकले होते का? लाली घालवणारे, स्टेरॉईडचे?"

"नाही मॅडम," मी म्हणालो.

बाटली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. यशोदा यंत्रावर हनुवटी टेकवून बसली होती. तिनं ऐकलं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. माझं वय आता चौऱ्याहत्तर आहे. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात डोळे लाल होतात त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पण खरं सांगायचं तर आधी एका माणसासाठी लिहितो आहे.

एकतीस वर्षं मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात शिपाई होतो. केसपेपर देणं, खोकी उचलणं, फरशी पुसणं हे माझं काम. पण मेडशीजवळच्या आमच्या गावात मला सगळे 'कंपाउंडर काका' म्हणत आले, आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. ताप आला, उलटी झाली की लोक आधी माझ्या ओट्यावर यायचे. त्याचं सुख फार असतं. माझ्या सगळ्या चुकीचं मूळ तिथे आहे.

आमच्या दोन एकरांत हळद असते. शिजवलेली हळद शिवारात ताडपत्र्यांवर पंधरा-पंधरा दिवस पसरून ठेवतात. ती वाळून खडखडीत झाली की मोठ्या जाळीच्या ढोलात घालून फिरवतात. मुळ्या आणि साल घासून निघतात आणि आत सोन्यासारखी कांडी उरते. ढोल फिरू लागला की पिवळी धूळ उठते. बैल पिवळे, बाभळी पिवळ्या, माणसांच्या भुवया पिवळ्या. दुपारच्या झळांमध्ये ती धूळ खाली बसतच नाही, हवेतच थांबते. त्या धुळीत उभी असलेली यशोदा मला दूरच्या कोणत्या तरी गावची वाटायची, हाक मारली तरी ऐकू जाणार नाही अशी.

त्या दुपारी ती ढोलाच्या तोंडाशी टोपलं रिकामं करत होती. अचानक थांबली आणि एक डोळा मिटून माझ्याकडे आली.

"काही तरी गेलं डोयात. पाहा बरं."

मी पापणी वर करून पाहिलं. काही दिसलं नाही. म्हणालो, "हयद आहे ते. जखमेवर लावतो आपण. डोयाले काय करते?"

आजूबाजूची माणसं हसली. तीही हसली. हळद औषध आहे, ती इजा करणार नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलो आहोत. पण जे डोळ्यात गेलं ते औषध नव्हतं. मातीत वाढलेली, बुरशी धरलेली मुळीची केसाएवढी काडी, तूस होती.

तिनं डोळा चोळला नाही. हे वाक्य मी इथेच लिहून ठेवतो. हात पिवळे झाले होते म्हणून तिनं ते अंगापासून दूर धरले आणि तशीच घरी चालत गेली.

दोन महिन्यांपूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्याचे थेंब अर्धी बाटली उरले होते. एकतीस वर्षं औषधं पाहिलेल्या माणसाला औषध फेकवत नाही. तेच मी तिच्या डोळ्यात टाकले, दिवसातून तीनदा. दुसऱ्या दिवशी लाली उतरली. मी मिशीला पीळ द्यायचा तेवढा बाकी ठेवला.

चौथ्या दिवशी तिला उजेड सोसेना. डोळ्यातून पाणी वाहू लागलं आणि बुबुळावर तांदळाच्या कणीसारखा पांढरा ठिपका दिसला. आमच्या तालुक्याच्या, मालेगावच्या डॉक्टरांनी विचारलं, काय टाकलं? मी म्हणालो, गुलाबपाणी. त्यांनी साधे जंतुनाशक थेंब दिले आणि दोन दिवसांनी परत बोलावलं. घरी आल्यावर मी त्यांच्या थेंबांसोबत माझेही चालू ठेवले, कारण माझ्या थेंबांचा गुण मी डोळ्यांनी पाहिला होता. दोन दिवसांनी गेलो नाही, पाचव्या दिवशी गेलो. ठिपका तोवर डाळीएवढा झाला होता. त्यांनी अकोल्याच्या मॅडमच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

बसमध्ये ती डोक्यावरून दुपट्टा घेऊन बसली होती. पातूरच्या घाटात मी विचारलं, काही दिसतं का? ती म्हणाली, "समदं पिवयं दिसून राह्यलं. जसा ढोल अजून फिरूनच राह्यला."

स्टेरॉईडबद्दल मॅडमनी नंतर समजावून सांगितलं, ते सर्वांनी लक्षात ठेवावं. हे औषध सूज आणि लाली दाबतं. ऑपरेशननंतर डॉक्टरांच्या नजरेखाली ते फार उपयोगाचं आहे. पण जखमेत बुरशी असेल तर ते शरीराचे पहारेकरी झोपवतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. वरून डोळा निवळल्यासारखा दिसतो. आत जखम खोल जात असते. मी जो गुण पाहिला तो हाच होता.

त्यांनी डोळा बधिर करून जखमेची बारीक खरवड काढली आणि काचपट्टीवर तपासली. बुरशीच निघाली. पाच दिवस भरती ठेवलं. दर तासाला थेंब. वॉर्डाबाहेरच्या बाकावर सगळे रोगी एका डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन बसलेले असायचे. मानोऱ्याकडचे एक गृहस्थ होते, तुरीचा खुंट लागलेले. ते म्हणायचे, इथं सगळेच एका डोळ्यानं एकमेकाले पाहते, म्हणून कोणालेच कोणाचं पुरं दुःख दिसत नाही. सगळे हसायचे. मी खिशावर हात ठेवून हसायचो.

घरी आल्यावर खिडक्यांना चादरी लावल्या. तो सगळा मे महिना मला एकच लांब दुपार वाटतो. कडुनिंबाची सावली अंगणात कुठवर आली यावरून मी तास ओळखायला शिकलो होतो. सावली रांजणाला लागली, थेंब. तुळशीपाशी आली, थेंब. अंधाऱ्या खोलीत ती पडून असायची आणि काय दिसतं ते हळू आवाजात सांगायची. कधी दारात पिवळं लुगडं नेसलेली बाई उभी असायची, कधी पाण्याखालून पाहावं तसा कंदील हलायचा. मी म्हणायचो, कोणी नाही. ती म्हणायची, माहीत आहे, पण आहे.

सहा आठवड्यांनी मॅडमनी पुन्हा पिवळा थेंब टाकला. निळ्या उजेडात काहीच पेटलं नाही. जखम भरली होती. पण जिथे जखम होती तिथे पांढरा व्रण राहिला. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. त्या डोळ्यानं तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जाते. मॅडम म्हणाल्या, कोणी नेत्रदान केलं तर कॉर्निया बदलता येईल, नाव लिहू का? यशोदा म्हणाली, "माह्यं एकावर चालते. ज्याले दोन्ही नाही त्याले द्या."

त्या दिवशी मॅडमनी उन्हाळ्याबद्दल बरंच सांगितलं. ढोलावर, मळणीवर काम करताना साधा पारदर्शक चष्मा लावा, बाजूनं झाकणारा. उन्हात जाताना रुंद काठाची टोपी, आणि गॉगल घ्यायचा तर अतिनील किरणं अडवणारा घ्या. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि ती किरणं उलट जास्त आत जातात. कूलरचा झोत तोंडावर घेऊन झोपू नका, डोळ्यातलं पाणी सुकतं आणि डोळा वाळूसारखा खुपतो. पाणी पीत राहा. डोळ्यात काही गेलं तर स्वच्छ पाण्यानं धुवा. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी काही नको. दुखत असेल, उजेड सोसत नसेल, पांढरं दिसत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. उघडलेली बाटली महिन्याच्या आत फेकायची आणि दुसऱ्याचे थेंब कधीच टाकायचे नाहीत.

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तरी मला वाटलं, पाहिलं.

गावात लोकांनी विचारलं, काय झालं काकूच्या डोळ्याला? मी म्हणालो, घामाच्या हातानं चोळला. इतकं सोपं वाक्य. ते गावभर झालं. दोन वर्षांत तर त्याची म्हण झाली. कोणाचं लेकरू डोळ्याला हात लावू लागलं की आई म्हणायची, "चोयू नको, यशोदाकाकूवानी होईन." यशोदा समोर असली तरी म्हणायच्या. ती पदरानं डोळा टिपायची आणि हसायची.

एकदा एका लग्नात नात्यातल्या एका बाईनं तिला सगळ्यांदेखत सुनावलं, एवढी शहाणी तू अन् हात आवरला नाही? परतताना आम्ही दोघं शेताच्या वाटेनं चालत होतो. ती पुढे बघत म्हणाली, "म्या चोयला नव्हता."

मी पावलं भराभर उचलली. तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही.

या एप्रिलची गोष्ट. ढोल पुन्हा सुरू झाले होते. दुपारी शेजारची सविता आली. मजुरीला जाते, पदरी दोन मुली. तिचा उजवा डोळा लालभडक होता.

"काका, ते तुमचे थेंब आहेत का? दुसऱ्या डोयाचं ऑपरेशन झालं न तुमचं यंदा?" मग यशोदाकडे पाहून चटकन म्हणाली, "म्या काकूवानी चोयला नाही बरं. हातबी लावला नाही."

थेंब होते. फळीवर, अर्धी बाटली. मी उठून फळीपर्यंत गेलोही. यशोदा कोपऱ्यात तूरडाळ निवडत बसली होती, ताट चांगल्या डोळ्याच्या बाजूला धरून. तिचे हात थांबले. तिनं मान वर केली नाही.

मी बाटली खाली घेतली आणि तशीच मुठीत धरून उभा राहिलो. म्हणालो, "सविता, तुह्या काकूनं डोया चोयला नव्हता. म्या माह्ये उरलेले थेंब टाकले होते. दोन डॉक्टरांनी इचारलं. दोघांलेही म्या खोटं सांगतलं. मंग गावालेही."

कूलर घरघरत होता. सविता एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिली. यशोदानं डाळीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"चार वर्सं लागले," ती म्हणाली. मग ताट सारून उठली. "आता उभे काहून? बस निघून जाईन. तिले घेऊन जा अकोल्याले. अन् तती तरी खरं सांगा."

सविताच्या वरच्या पापणीखाली मुळीची तूस रुतली होती. मॅडमनी ती काढली. बुबुळाला वरवरचा ओरखडा होता, खोल जखम नव्हती. आठ दिवसांत तिचा डोळा निवळला.

त्याच दिवशी, सविता बाहेर गेल्यावर मी यशोदाची जुनी फाइल टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मॅडम बराच वेळ पानं उलटत होत्या. म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तरी मी औषध हेच दिलं असतं. पण मालेगावला सांगितलं असतं तर ते पाच दिवस वाया गेले नसते. डोळा नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही. नसता वाचला असंही म्हणणार नाही." मग पेन काढून पहिल्या पानावर त्यांनी एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली: पतीने स्वतःचे उरलेले स्टेरॉईडचे थेंब टाकले होते.

त्या रागावल्या नाहीत, हे मला जड गेलं. आता वाटतं, त्यांचे उपकारच झाले. रागावल्या असत्या तर मी फिटलं म्हणून घरी आलो असतो.

घरी येऊन यशोदाला ती ओळ सांगितली. ती म्हणाली, "फाइल कोण वाचते? गावातले पोट्टे तं माह्यंच नाव घेते. तुमाले लिहिता येते न? लिहा. अन् माह्यं नाव घालून लिहा."

उन्हाळ्यात तिचा चांगला डोळा कोरडा पडतो म्हणून मॅडमनी ओलाव्याचे थेंब दिले आहेत. ते मीच टाकतो. आधी बाटलीवरची तारीख मोठ्यानं वाचतो. बाटली उघडल्याचा दिवस वर लिहिलेला असतो, तोही वाचतो. मग ती मान मागे टाकते आणि वर पाहते, एका डोळ्यात मी, एका डोळ्यात फूल. माझा हात जवळ येतो तरी ती पापणी मिटत नाही. इतकं देणं कोणाला जमतं मला ठाऊक नाही.

तिचं नाव यशोदा. तिनं डोळा चोळला नव्हता.