गिओक चूच्या गणितातले वाटेकरी

गिओक चू सिम दोन इयत्ता शिकली आणि चाळीस वर्षं पडदे शिवत आली. तोआ पायो वस्तीतल्या आमच्या इमारतीत ती सहाव्या मजल्यावर राहते, मी तिच्या शेजारच्या दारात. मुलगा जहाजावर, सून पे लिंग विमानतळावरच्या मालवाहतुकीच्या कचेरीत. त्यामुळे नात शू मिन शाळा सुटली की दीड वाजता आजीकडे यायची ती सातपर्यंत. या साडेपाच तासांसाठी गिओक चू बाकीचा दिवस काढत असे. हे तिने मला कधी सांगितलं नाही. पण दीड वाजायच्या आत तीनदा दार उघडून बघताना मी तिला रोज पाहत होते.

शू मिन सहावीत गेली आणि पहिल्याच चाचणीत तिला गणितात बावन्न गुण पडले. पे लिंगने शांतपणे सांगितलं, "आई, जुलैच्या परीक्षेत पंचाहत्तर आले नाहीत, तर मी तिला रोज दुपारी शिकवणीला घालणार. तिथून ती माझ्याबरोबरच घरी येईल."

"बघू," गिओक चू म्हणाली, आणि पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. "सिसिलिया, तू कॉन्व्हेंटातली. हे वाच."

रहमानने आपल्या गोट्यांपैकी एक तृतीयांश भावाला दिल्या. उरलेल्यांपैकी दोन पंचमांश मित्राला दिल्या. छत्तीस उरल्या. तर आधी किती होत्या? मी कागद घेतला आणि एकूण गोट्या क्ष धरल्या.

"हा क्ष कोण?" गिओक चूने विचारलं. "आधीच भाऊ आहे, मित्र आहे. आणखी एकाला कशाला मध्ये घेतेस?"

"शाळेत क्ष चालत नाही, आंटी," शू मिन म्हणाली. "वहीत पट्ट्या काढून त्यांचे भाग करायचे असतात."

"पट्ट्या?" गिओक चू म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचं?"

तिने निळ्या कापडाची लांब पट्टी काढली, तीन घड्या घालून एक कापली. हा भाऊ. उरलेल्या पट्टीच्या पाच घड्या घातल्या, दोन कापल्या. हा मित्र. राहिलेल्या तीन घड्यांत छत्तीस, म्हणजे घडीला बारा. पाच घड्यांचे साठ. साठ म्हणजे पहिल्यातले दोन तुकडे, म्हणून एक तुकडा तीसचा, तिन्हींचे नव्वद. माझा क्ष अजून पहिल्याच ओळीत होता.

इथवर सगळं ठीक होतं. पण पडद्यांच्या दुकानात कामाला असताना गिओक चूच्या हातून एकदा एका हॉटेलचे सगळे पडदे हातभर आखूड झाले होते, कारण कापलेला तुकडा टेबलावरच राहिला आणि तिने तो मापात दोनदा धरला. तेव्हापासून तिचा नियम होता : कापलं, की तो तुकडा खोलीबाहेर गेला पाहिजे.

"हा भावाला दिला ना? मग देऊन ये."

"कोणाला, आह-मा?" शू मिनने आजीला विचारलं.

"कुप्पुसामींना. चौथ्या मजल्यावर. त्यांना दुसरं काय काम आहे?"

कुप्पुसामी हे निवृत्त पोस्टमन. घरी आलेली कुठलीही वस्तू नाकारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मित्र म्हणून नवव्या मजल्यावरच्या मलय मावशी, मकचिक रोकिया ठरल्या. बहिणीचा वाटा असला की तो माझ्याकडे येई. जूनपर्यंत माझ्याकडे तीन अष्टमांश, एक षष्ठांश आणि एका केकचा चतकोर जमला होता. सगळं फुलाफुलांच्या कापडात.

मग कुरबुरी सुरू झाल्या. "मला नेहमी उरलेल्यातलंच का मिळतं?" मकचिक रोकियांनी लिफ्टमध्ये मला विचारलं. "कुप्पुसामी असे कोण लागून गेले, की त्यांना आख्ख्यातलं मिळावं?"

"भाऊ आहेत ते," मी म्हटलं.

"कोणाचे?"

"रहमानचे."

"रहमान आमच्यातला, आणि भाऊ कुप्पुसामी?"

मी हे गिओक चूच्या कानावर घातलं. पुढच्या आठवड्यापासून गिओक चूने दोघांची अदलाबदल केली. कुप्पुसामींनी दोन दिवस आमच्याकडे पाहिलं नाही.

खरी अडचण परतफेडीच्या गणितांत होती. एका गणितात मित्राने अर्ध्या गोट्या परत केल्या, आणि त्या दिवशी कुप्पुसामी वाटा खिशात घालून मुलीकडे सीमेपलीकडच्या जोहोरला गेले. ते गणित शुक्रवारपासून सोमवारपर्यंत अडून राहिलं. शू मिनने दुसरी पट्टी कापू या म्हटलं, तर गिओक चू म्हणाली, "त्यांच्याकडे आहे ते आहे. तू मनाने कापलंस तर ती चोरी."

तरी पोरीची गणितं बरोबर येऊ लागली. जुलैची परीक्षा झाली. गुण पडले एकाहत्तर. शेवटचं पाच गुणांचं गणित तसंच कोरं.

"हे का नाही सोडवलंस?" पे लिंगने विचारलं.

शू मिनने सांगितलं. कच्च्या कागदाच्या पट्ट्या फाडून चार वेळा ती बाहेर जायची परवानगी मागून गेली, आणि वाटे व्हरांडा पुसणाऱ्या मावशींना देऊन आली. पाचव्या वेळी बाईंनी सोडलं नाही.

सोमवारपासून शिकवणी लागली. त्या दुपारी गिओक चूने सवयीने दोघींचा भात शिजवला आणि मला जेवायला हाक मारली.

शिकवणी बाजारसंकुलात, दुसऱ्या मजल्यावर होती. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर पट्टी काढली आणि म्हणाले, "हा भाग फरीदने बहिणीला दिला." शू मिनने वहीतला तेवढा भाग फाडला, उठली, शेजारच्या चष्म्याच्या दुकानात देऊन आली आणि सर्वांच्या आधी उत्तर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्यामागून चार मुलं उठली. बुधवारी अकरा. केस कापणारीला दोन सप्तमांश मिळाले, चहावालीला उरलेल्याचे तीन चतुर्थांश. चष्मेवाला मूठभर कागद घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला आणि यातलं काय काय परत द्यायचं, कधीपर्यंत, असं अदबीने विचारू लागला.

गुरुवारी शिकवणीवाल्यांचा फोन आला. "मुलगी हुशार आहे हो," ते पे लिंगला म्हणाले, "पण इतके नातेवाईक आम्ही कुठून आणायचे?"

संध्याकाळी मी गिओक चूकडे बसले होते, तेव्हा पे लिंग आली. तिने पिशवी खाली ठेवली.

"आई, उद्यापासून ती इथेच येईल."

गिओक चूने शिवणातून मान वर केली नाही. "आणि पंचाहत्तरचं काय?"

"ते पाच गुणांचं गणित आज मी कचेरीत सोडवून पाहिलं."

"जमलं?"

"आधी तीनदा चुकलं." पे लिंग खुर्चीवर बसली. "मग एक वाटा पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला नेऊन दिला. तेव्हा जमलं."

"घेतला त्याने?"

"म्हणाला, आधी माल दिल्याची सही करा."

"मग करायची ना," गिओक चू म्हणाली, आणि तिच्यासाठी भात वाढायला उठली.