गादीखालची बॅटरी

कोलाडला खानावळीसमोर उभ्या केलेल्या आमच्या मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, झोपलेल्या माझ्या आईसाठी खानावळवाली बाई पेज घेऊन आली. तिने हाताच्या पालथ्या बाजूने आधी वाटी, मग गादी चाचपली आणि ती ओरडली, “दादा, खालून तापतंय!”

गादीखाली लिथियमची बॅटरी होती. उन्हात तापली की ती आपोआप बंद व्हायची आणि एसी थांबायचा, म्हणून ती सोय मीच काढून टाकली होती.

मी आधी बॅटरीच्या वायरी सोडवायला धावलो.

“आवो, पैला म्हातारीला उतरवा! कोण कुनाचा पोरगा हाय, देव जाणे!” म्हणत तिनेच आईला उचलून बाहेर नेलं. मागोमाग धूर आला.

बाकड्यावर टेकल्यावर आईने काळजीने विचारलं, “बॅटरी वाचली ना रे?”

त्यात टोमणा नव्हता. तेच अजून सोसत नाही.