वेलांटीपुरती जागा

रंजनी राव वेस्ट मांबलमची. घराणं मूळचं तंजावरचं, त्यामुळे घरात आईशी जुन्या वळणाची मराठी, रस्त्यावर तमिळ आणि ऑफिसात इंग्रजी. तिनं बँकेत लागावं असं घरच्यांना वाटत होतं. ती चित्रकला शिकली आणि टी. नगरमधल्या एका साडीच्या दुकानाच्या जाहिराती करू लागली. कागदावर बोटभर जागा मोकळी दिसली की मालक तिथे आणखी एक साडी घालायला सांगत. हे काम आपल्याला जमतं पण आवडत नाही, हे तिला लवकरच कळलं.

२००८मध्ये तिला एग्मोरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. मित्रमंडळींनी टाकलेले छोटे संदेश कॉम्प्युटरवर एका खिडकीत दाखवणारं अ‍ॅप ही कंपनी परदेशी क्लायंटसाठी बनवत होती. त्याचं रूप होतं चकचकीत: निळी बटणं, प्रत्येक संदेशाला चौकट, चौकटीला सावली. क्लायंटला आणखी एक थीम हवी होती, अगदी साधी. ते काम रंजनीकडे आलं.

तिनं चौकटी काढल्या, सावल्या काढल्या. पांढऱ्यावर काळी अक्षरं आणि नावापुरता एक राखाडी रंग ठेवला. तिचे साहेब गुरुमूर्ती यांना ते अर्धवट वाटलं.

"सर, माणूस हे उघडतो ते मित्रानं काय लिहिलंय ते वाचायला," रंजनी म्हणाली. "आपली कारागिरी बघायला नाही."

गुरुमूर्तींनी वाद घातला नाही. ऑफिसातल्या लोकांना वापरून बघू दे, म्हणाले.

लोकांना थीम आवडली. पण हिशेब विभागातल्या कीर्तीनं रंजनीला बोलावून घेतलं. कीर्ती नागपूरची, भावाशी मराठीतून लिहायची. पडद्यावर तिच्या नावाचा रफार गायब होता आणि वेलांट्यांचे माथे छाटले गेले होते. जास्त संदेश मावावेत म्हणून रंजनीनं ओळी दाटीनं बसवल्या होत्या. इंग्रजीला तेवढी जागा पुरत होती. तिनं स्वतःचं नाव तमिळमध्ये लिहून पाहिलं. तेही वरून कापलं गेलं.

क्लायंटचे लोक इंग्रजीतच लिहितात, शुक्रवारी काम द्यायचंय, तेव्हा राहू दे, असं गुरुमूर्तींचं म्हणणं पडलं.

"ज्यात माझंच नाव नीट दिसत नाही, ते पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही," रंजनी शांतपणे म्हणाली. "शुक्रवार मी चुकवत नाही."

तिनं ओळी सैल केल्या. त्यामुळे खिडकीत संदेश कमी मावू लागले. मग प्रत्येक संदेशाखालची बटणांची रांगच तिनं लपवली. माउस वर नेला तरच ती दिसे. आता खिडकी आधीपेक्षा मोकळी झाली होती आणि भरपूर वाचता येत होतं. पाहताक्षणी तिला कळलं की हेच हवं होतं.

शुक्रवारी काम गेलं. क्लायंटनं ही थीम यादीत तळाशी ठेवली. पण लोक शोधून शोधून तीच निवडत होते, म्हणून पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना आधी तीच दिसू लागली. गुरुमूर्तींनी ही बातमी भर बैठकीत सांगितली आणि पुढचं कामही तिलाच दिलं.

घरी आई त्रिपुरसुंदरी यांनी विचारलं, एवढं काय काढलंस त्यात?

"काढलं फार नाही, आई. काढून टाकलं पुष्कळ."

नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत रंगांची चर्चा सुरू झाली, तेव्हा रंजनीनं ती थांबवली आणि आधी एवढंच विचारलं, की हे वापरणारे कोणकोणत्या भाषांत लिहितात.