बिस्किटांच्या डब्यातला चेहरा

आमच्या गल्लीत आत्याला सगळे राणीसाहेब म्हणायचे. तोंडावर नाही हं, पाठीमागे. सकाळी साडेआठला ती कामावर निघाली की कोपऱ्यावरचा शिंपी मशीन थांबवून बघत बसायचा, आणि समोरच्या काकू खिडकीतून नवऱ्याला ऐकवायच्या, "बघा, निघाल्या राणीसाहेब! एवढ्याशा पगारात हिला हे सगळं परवडतं तरी कसं?" राणीसाहेबांचा अख्खा खजिना बिस्किटांच्या एका गंजक्या पत्र्याच्या डब्यात मावायचा, हे मला माहीत होतं, कारण आम्हा दोघींची खोली एकच होती. पण मी कशाला सांगू? जळू देत की!

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलंच तर "वेळ नाही मिळाला" म्हणायची आणि विचारणाऱ्याकडे अशी बघायची की त्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. शहरातल्या एका चार मजली दुकानात, दारातून आत शिरल्या शिरल्या, सौंदर्यप्रसाधनांचा काउंटर होता. तिथे ती उभी असायची. उभीच, कारण स्टूल द्यायची पद्धत नव्हती. तिचा महिन्याचा पगार एका बाटलीत संपेल अशी क्रीमं ती विकायची, आणि विकताना असं दिसणं भाग होतं की ती सगळी आपण रोज वापरतो. दुकान निळा कोट द्यायचं. चेहरा ज्याचा त्याने आणायचा.

तो चेहरा तयार होताना मी रोज अंथरुणातून एक डोळा उघडून बघायचे. साडेसातला ती खिडकीशी बसायची, हातात आरसा. घरात चांगला मोठा आरसा होता, पण तो दिव्याखाली. "दिव्याखाली केलेला चेहरा उन्हात फसवतो," म्हणायची.

डब्यात होतं तरी काय? फूटपाथवरच्या गाडीवरून घेतलेला एक कॉम्पॅक्ट, फुटका म्हणून अर्ध्या किमतीत मिळालेला. त्याचा भुगा करून, चार थेंब स्पिरिट घालून, वर फडकं ठेवून ती वाटीच्या बुडाने दाबायची, की दुसऱ्या दिवशी वडी नवीकोरी. एक मरून लिपस्टिक, इतकी संपलेली की काडेपेटीच्या काडीने कोरून काढावी लागायची. एक नारिंगी लिपस्टिक, एवढी भडक की गाडीवाल्याने वैतागून जवळजवळ फुकटच दिली. व्हॅसलीनची डबी, भुवयांना जुना टूथब्रश आणि गादीच्या स्पंजचा एक तुकडा. संपलं!

नारिंगी ओठांसाठी नव्हतीच. आत्याच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग होते, चांगले तळहाताएवढे, काळपट. त्यांच्यावर ती नारिंगीचा पातळ थर बोटाने थोपटायची, वरून कॉम्पॅक्ट, आणि डाग गायब. हे तिला कोणी शिकवलं, देव जाणे. मग चमच्याच्या पाठीवर मरूनचा एक कण, नारिंगीचा एक कण, व्हॅसलीन, असं घोटून विटकरी रंग करायचा. तो ओठांवर, उरलेला गालांवर आणि बोटाला जे काही चिकटलेलं असेल ते पापण्यांवर. "चेहऱ्यावर तीन रंग आले की त्यांची भांडणं सुरू होतात," असं तिचं म्हणणं. "एकच रंग सगळीकडे फिरवला की माणूस श्रीमंत दिसतं."

आणि मग पुसणं. लावण्यापेक्षा पुसायलाच जास्त वेळ. ओठ टेकवायला तिला कागद लागायचा, आणि हाताशी असायच्या माझ्या वह्या. भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर उमटलेले ओठ बघून बाईंनी मला एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. घरी येऊन मी थयथयाट केला, तर आत्या म्हणते कशी, "कुठल्या पानावर? ते पान छान आलं होतं गं!" सगळ्यात शेवटी ती रुमालाचं टोक करून खिडकीकडे तोंड वळवायची आणि काहीतरी करायची. ते काय, मला कधी दिसलं नाही, कारण तेवढ्यात आई "उठलीस का गं?" म्हणून पांघरूण ओढायची.

तिच्या डागांची गोष्ट घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. दुकानात तर मुळीच नाही. डाग असलेल्या बाईला क्रीमच्या काउंटरवर कोण उभं करणार? डबा ती रोज पर्समधून बरोबर न्यायची आणि दुपारी एकला मागच्या खोलीत कडी लावून चेहरा पुन्हा नीट करायची. आणि ते काम तिला मनापासून आवडायचं. गिऱ्हाईक बाई दारातून आत आली की तिला कुठला रंग खुलेल हे आत्या दहा पावलांवरून सांगायची, आणि ते कधी चुकायचं नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

मी चौदा वर्षांची होते. माझी शाळा नऊला भरायची आणि दुपारी सुटायची. आत्या निघाल्यावर आई तिचा जेवणाचा डबा भरायची; तो घरी जाताना दुकानात पोचवायचं काम माझ्याकडे. एका सोमवारी काउंटरवर नव्या लिपस्टिक मांडलेल्या होत्या. सोनेरी नळ्या, जड, झाकण लावताना टक् असा आवाज येणाऱ्या. एक विटकरी होती, थेट आत्याच्या ओठांचा रंग. आत्या पाठ करून कोणाला तरी पावडर दाखवत होती. मी ती नळी उचलली आणि कंपासपेटीत टाकली. का? खरं सांगू? मला आत्यासारखं दिसायचं होतं, पण त्या गंजक्या डब्याची लाज वाटायची. काडीने कोरलेला रंग मला नको होता. मला अस्सल माल हवा होता. नालायक कार्टी होते मी, दुसरं काय!

बुधवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या मोरीत मी ती पहिल्यांदा लावली. मैत्रिणी हसल्या, म्हणून खसाखसा पुसून टाकली आणि शाळा सुटल्यावर डबा घेऊन दुकानात गेले. बघते तर काउंटर रिकामा. मागच्या खोलीत गेले. तिथे आत्या धरून काउंटरवरच्या तिघी जणी भिंतीला लागून उभ्या आणि समोर त्यांच्या मॅडम, जाड चष्म्याच्या, हातात मालाची यादी.

"एक नळी कमी आहे," मॅडम म्हणत होत्या. "विटकरी." मग आत्याकडे वळल्या. "आणि रंग तर तुमच्या ओठांवरच दिसतोय."

"हा माझा रंग आहे, मॅडम. घरचा."

"घरचा? मी काय आज आले का ह्या धंद्यात? हा असा रंग घरी होतो? तुमच्या पगारात?" मॅडमचा आवाज चढला. "खरं काय ते सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. बाकीच्यांनी पिशव्या उघडा. आणि ही मुलगी कोण? ही रोज येते ना इथे?"

दप्तर मी छातीशी धरलं होतं, आत कंपासपेटी, पेटीत नळी. मॅडम माझ्याकडे यायला निघाल्या. आत्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग एकदम मोठ्याने म्हणाली, "मॅडम, मला जरा पाणी आणि साबण द्या. तोंड धुवून दाखवते. मग तुमच्यासमोर सगळं पुन्हा करते. हा रंग कुठून येतो ते बघून घ्या."

सगळ्या तिच्याकडे वळल्या. तोंड धुणं म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त मला आणि तिला माहीत होतं. मी एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथेच थांबलं असतं. "मी घेतली" एवढंच बोलायचं होतं. मी जेवणाचा डबा हातात धरून उभी राहिले आणि ती कोपऱ्यातल्या बेसिनवर साबणाने खसाखस तोंड धुवायला लागली.

तोंड पुसून ती वळली तेव्हा एक जण "अगं बाई!" म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मॅडम खुर्चीत बसल्या. एवढी वर्षं शेजारी उभ्या राहणाऱ्या त्या बायका तिच्या गालांकडे बघत होत्या, आणि आत्या शांतपणे बिस्किटांचा डबा उघडून खिडकीशी बसली. नारिंगी थोपटली. फुटका कॉम्पॅक्ट. काडी, चमचा, व्हॅसलीन. वीस मिनिटांत डाग गेले, विटकरी ओठ आले, राणीसाहेब परत आल्या. मॅडमनी चमच्यावरचा रंग कागदावर ओढला, शेजारी नमुन्याची विटकरी ओढली. रंग वेगळे होते. आत्याचा जास्त चांगला होता, आणि हे मी तिची भाची म्हणून म्हणत नाहीये.

चोरीचा आळ तिथेच मिटला. माल येतानाच कमी आला असेल, असं ठरलं. पण पुढच्या सोमवारी आत्याला तिसऱ्या मजल्यावर चादरी आणि टॉवेलांच्या विभागात पाठवलं. अगदी गोड बोलून. गिऱ्हाईक काय म्हणेल, तुम्हीच विचार करा, असं. घरी येऊन तिने बाबांना सांगितलं, "दादा, माझी वरच्या मजल्यावर बदली झाली," आणि जेवायला बसली. बाबा म्हणाले, "वा!" मी ताट तसंच सोडून उठले.

बावीस वर्षं तिने चादरी विकल्या. रोज सकाळी खिडकीशी बसून तोच चेहरा, तितकाच वेळ. मी एकदा चिडून म्हटलं, "चादरींसाठी कशाला एवढं?" तर म्हणाली, "चादरींसाठी नाही, माझ्यासाठी." चादर घ्यायला आलेल्या बायका विचारायच्या, ही लिपस्टिक कुठली हो? ती त्यांना तळमजल्यावर पाठवून द्यायची.

ती नळी मी पुन्हा कधी लावली नाही. टाकलीही नाही. नोकरी लागली, घर झालं, दोन घरं बदलली. नळी बरोबर आली. आज माझा ड्रॉवर महागड्या डब्या-बाटल्यांनी भरलाय, आणि तरी लग्नकार्यात मी कशी दिसते? सगळं लावल्यासारखी. त्या खिडकीतला तो सकाळचा उजेड, स्पिरिटचा वास, चमच्यावर घासणाऱ्या काडीचा तो बारीक आवाज, ह्यातलं काहीच दुकानात मिळत नाही. मला त्या खोलीची फार आठवण येते.

गेल्या महिन्यात आत्याकडे गेले होते. आता शहात्तर वर्षांची आहे, हात थरथरतात. ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता. म्हणाली, "माझा चेहरा तू कर. डबा तिथे आहे." तोच डबा! मी तिला खिडकीशी बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नारिंगी थोपटायला लागले. हाताखाली ते डाग आले आणि मला राहवलं नाही.

"आत्या, ती लिपस्टिक मी घेतली होती."

तिने डोळेही उघडले नाहीत. "माहितीये की."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तुझ्या ओठांच्या कोपऱ्यात लागलेली दिसली. मॅडम अजून दोन पावलं पुढे आल्या असत्या तर त्यांनाही दिसली असती. म्हटलं, आपणच तोंड धुवावं, म्हणजे सगळ्या इकडे बघतील."

मी रडायलाच लागले. चोपन्न वर्षांची बाई, हातात स्पंजचा तुकडा, आणि हमसून हमसून रडतेय. "अगं, मग एक शब्द तरी बोलायचास! दोन थोबाडीत तरी मारायच्यास मला!"

"मारायचं कशाला? पुसायचं कसं ते मीच तुला शिकवलं नव्हतं." तिने चाचपडत माझ्या हातातला रुमाल घेतला, त्याचं टोक केलं आणि माझं तोंड उजेडाकडे वळवलं. "हे बघ. बाहेरून आत. आणि रडू नकोस, पसरतंय सगळं."

थरथरत्या हाताने तिने माझ्या ओठांचा डावा कोपरा पुसला, मग उजवा, आणि म्हणाली, "हं. आता झालं."