पामच्या फाट्यावरचा डावा इंडिकेटर

या ग्रुपवरचे अनुभव मी रोज दुपारच्या चहाबरोबर वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर मनातल्या मनात ‘वायरिंग’ किंवा ‘पित्त’ असा शेरा मारून मोकळा होतो. मी बोईसर एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणीला आहे. आमच्याकडे एकच आकडा दोनदा सारखा आला नाही तर अख्खा नमुना बाद. त्यामुळे भूत, चकवा, करणी... यातलं काही मी आयुष्यात मानलेलं नाही. आता मात्र माझ्याच गाडीबद्दल लिहायला बसलोय, तेव्हा हसा खुशाल.

आम्ही तारापूरला राहतो. सोनलला, म्हणजे माझ्या बायकोला, नववा लागला होता आणि डॉक्टर बोईसरला. वेळ आली की रिक्षा शोधत बसायचं नाही, भरवशाची गाडी दारात हवी, एवढं एकच डोक्यात होतं. नवी परवडणारी नव्हती, म्हणून सेकंडहँड.

माकुणसारहून बाबा खास आले. त्यांचं म्हणणं, पालघरला जनूभाऊकडून घे. जनूभाऊ म्हणजे चिंचेच्या झाडाखाली आठ-दहा गाड्या लावून बसणारा माणूस. त्याची एक रीत आहे. जुना मालक स्वतः आल्याशिवाय तो गाडी देत नाही. आधी जुन्या मालकाला शेजारी बसवून नव्या मालकाने एक फेरी मारायची, मग जुन्याने विड्याच्या पानावर किल्ली ठेवून नव्याच्या हातात द्यायची. मालक आजारी असेल तर जनूभाऊ गाडी घेऊन त्याच्या दारात जातो.

“गाडीला कलाया नको का, मालक बदलला त्ये?” बाबा म्हणाले.

मी हसलो. म्हटलं, बाबा, गाडीला आरसी असते, नातेवाईक नसतात. मी मोठ्या कंपनीच्या ॲपवरून घेतली. दोनशे मुद्द्यांची तपासणी, रंगीत रिपोर्ट, सात दिवसांत पसंत पडली नाही तर परत. गाडी घरपोच आली, वर लाल रिबन, आणि थर्माकोलची हातभर किल्ली घेऊन आमचा फोटो काढला. रिपोर्टमध्ये दोनशेपैकी एकाच मुद्द्यावर फुली होती – ‘दुसरी किल्ली: उपलब्ध नाही’. मला ते किरकोळ वाटलं. आत लिंबाच्या स्प्रेचा वास होता आणि त्याच्या खालून अगदी बारीक बोंबलाचा. तो फक्त सोनलला आला, पण त्या दिवसांत तिला कशातूनही बोंबील यायचा, म्हणून मी तेही सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी कंपनीत निघालो. पामच्या फाट्याजवळ आलो आणि डावा इंडिकेटर आपोआप लागला. मी बंद केला. पुन्हा लागला. मग गाडीने दोन आचके दिले आणि ठप्प. चावी फिरवून फिरवून दमलो. मागून कंपनीच्या बसचा हॉर्न सुरू झाला, तेव्हा म्हटलं निदान रस्त्यातून बाजूला तरी होऊ, म्हणून स्टिअरिंग डावीकडे वळवलं... आणि गाडी एका झटक्यात सुरू. पामच्या रस्त्याला लागली ती लोण्यासारखी चालायला लागली. एक किलोमीटर आत एका वाडीच्या हिरव्या फाटकापुढे पुन्हा बंद.

फाटकात एक सत्तरीचे काका उभे होते. डोळ्यांवर ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “आली का?” मग मागचं दार उघडून तोंडलीची पिशवी सीटवर ठेवली. “पोरगा बोलला, गॅरेजला दिलीय. तू गॅरेजवाला ना?”

आता इथे मी सरळ सांगायला हवं होतं. पण कंपनीत उशीर होत होता आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर असा आनंद होता की मी ‘हो’ म्हणालो. ‘हो’ म्हटल्याबरोबर गाडी सुरू झाली.

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. येताना संध्याकाळी काही नाही, फक्त तारापूरहून बोईसरला जाताना. घरात तोंडली इतकी साठली की सोनलने मैत्रिणींना वाटायला सुरुवात केली. आरसीवर जुन्या मालकाचं नाव होतं भालचंद्र, पत्ता पाम. तोपर्यंत काकांकडूनही कळलं होतं – ते रोज सकाळी तारापूर बंदरावरून मासळी घेऊन याच गाडीने घरी यायचे. म्हणजे बोंबील खरा होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते दवाखान्यात असताना ठाण्याच्या मुलाने गाडी ॲपवर विकली आणि बापाला सांगितलं, गॅरेजला आहे. आणि त्या गॅरेजचा मी रोज सकाळी हजर होणारा माणूस.

सोनलला हे ऐकून आधी हसू आलं, मग तिने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, “अहो, ऐन वेळी ही अशीच पामला वळली तर?” आता मलाही खरोखर भीती वाटली.

शुक्रवारी ॲपवाल्या कंपनीचा टेक्निशियन बोलावला. त्याने लॅपटॉप जोडला. “सर, कोड तो कुछ नहीं आ रहा.” म्हटलं, तूच चालव. तो पुढे, मी मागच्या सीटवर. फाटा आला, इंडिकेटर लागला, आचके, ठप्प. तो मागे वळून म्हणाला, “सर, आपका हाथ लगा होगा.” मी मागच्या सीटवरून दोन्ही हात वर करून दाखवले. शेवटी तोही वळला, काका भेटले, आणि तो तोंडलीची पिशवी घेऊनच परत गेला. रिपोर्टमध्ये त्याने लिहिलं, ‘दोष आढळला नाही. ग्राहकाची चालवण्याची सवय.’

रविवारी सात दिवस संपत होते. शनिवारी बाबांनी मला जवळजवळ धरूनच जनूभाऊकडे नेलं. मला वाटलं हा आता मला सोलून काढणार. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, “किल्ली कोनी दिली तुला?”

म्हटलं, डिलिव्हरीवाल्याने.

“मंग मालकानं दिली नाय. परत करायची तर कर, पन पुढं जो घेल, त्याला बी ती तिथंच नेल. नायतर जा आनि म्हाताऱ्याला खरं सांग.” बाजूच्या टपरीवरून आणलेलं विड्याचं एक पान त्याने माझ्या खिशात घातलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रविवारी सकाळी गेलो. ऑडिटला जाताना पाठ करतो तशी वाक्यं रस्ताभर पाठ करत होतो. फाटकात काका होतेच. म्हटलं, काका, मी गॅरेजवाला नाही. गाडी तुमच्या मुलाने विकली. मी घेतली.

काकांनी बॉनेटवर हात फिरवला. “तीन महिने गाडी गॅरेजला ऱ्हाते व्हय रं? मला कललेलं. डोलं गेलं म्हनून सगलंच जातं का?” मग म्हणाले, “इकली त्याचं कायी नाय. चालवता येनारच नव्हती मला. पन इचारलं नाय कोनी.”

मला माझीच लाज वाटली. मी दार उघडून धरलं. काका पुढच्या सीटवर बसले आणि आम्ही बंदरापर्यंत जाऊन आलो. काकांनी मला सगळ्या रस्त्याने गिअर कधी बदलायचा ते शिकवलं. परत फाटकाशी आल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक किल्ली काढली. दुसरी किल्ली. रिपोर्टमध्ये फुली असलेली. मी पान पुढे केलं, त्यांनी त्यावर किल्ली ठेवली आणि माझ्या हातात दिली.

तुमच्या मनात आलं ते माझ्याही आलं – त्या किल्लीत रिमोट असेल, खिशात दाबला जात असेल. घरी नेऊन तपासली. साधी लोखंडी किल्ली. बटण नाही, सेल नाही. पण सोमवारी फाट्यावरून गाडी सरळ गेली. मंगळवारीही. परत करायची मुदत मी जाऊ दिली.

गाडी आल्यापासून बाराव्या दिवशी, मी रजा टाकून घरी असताना, भर दुपारी सोनलला कळा सुरू झाल्या. निघालो. फाटा आला... आणि डावा इंडिकेटर लागला. टिक-टिक-टिक. सोनलने माझा दंड आवळला. आणि मी, क्यूसीत काम करणारा माणूस, बंद काचांच्या गाडीत मोठ्याने बोललो, “काका, आज नको, दवाखान्यात जायचंय.”

इंडिकेटर बंद झाला. गाडीने आचकासुद्धा दिला नाही. संध्याकाळच्या आत मुलगी झाली.

तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन पामला गेलो. मी फाटक उघडायच्या आत काका म्हणाले, “पोर नि बालंतीन बरी हायत ना?”

विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर तारापूरच्या शेजाऱ्यांनाही अजून सांगितलं नव्हतं.

“तूच की,” काका पेढा तोंडात टाकत म्हणाले. “परवा फाट्यावर बोललास ना, आज नको, दवाखान्यात जायचंय म्हनून.”

फाटा तिथून एक किलोमीटर आहे. मी दोनदा मोजलं, आकडा दोन्ही वेळेला सारखाच आला. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. जनूभाऊला विचारलं, तर त्याला त्यात स्पष्टीकरण देण्यासारखं काही दिसतच नाही.

गेल्या आठवड्यात त्या मोठ्या कंपनीचा मेसेज आला. गाडीचा अनुभव कसा वाटला, तारे द्या, आणि खाली एक रिकामी चौकट – ‘आणखी काही सांगायचे आहे का?’ मी लिहिलं, ‘दुसरी किल्ली मिळाली. मालकांनी स्वतः दिली.’